मासळी शिजत असताना मांजर उठून जातं तेव्हा

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो.

"सर, चवथीला भर सैंपाकात सिलिंडर संपतो हा आमचा दर वर्षीचा अनुभव. म्हणून यंदा दोन चुलींचं इंडक्शन घेतलं. तेव्हापासून घरात शांतता नाही. मला टोपातून घूं घूं ऐकू येतं आणि मंद आचेवर टक-टक. अकरा वर्षांचा मुलगा म्हणतो, 'आई, बारीक शिट्टी वाजतेय, बंद कर', आणि कानांत बोटं घालून बाहेर पळतो. मला ती शिट्टी कधीच ऐकू आली नाही. सासूबाईंच्या कानाला मशीन आहे. त्या म्हणतात, चुलीपाशी गेलं की कानात भुंगा शिरतो. यजमान म्हणतात, आवाज फक्त पंख्याचा आहे, तोही चूल बंद केली तरी चालूच राहतो, म्हणून ते लगेच भिंतीवरचं बटण बंद करतात. आणि कहर म्हणजे आमचं मांजर. मासळी कापायला बसलं की पायांत घोटाळणारं हे जनावर इंडक्शन लावलं की उठून पडवीत जातं. सासूबाई म्हणाल्या, 'हें लक्षण बरें न्हय.' दुकानाकडून माणूस आला, दोन मिनिटं कान लावून 'तें तशेंच आसता बाई' म्हणाला आणि गेला. यजमान मुलाला नाटकी म्हणतात, मुलगा रडतो. मशीन परत करावं का?"

ताई, मशीन परत करायचं की नाही ते नंतर बघू. आधी तुमच्या यजमानांना मुलाची समजूत काढायला सांगा. तो नाटक करत नाही. तुमच्या घरात चार माणसं चार वेगळे आवाज ऐकताहेत आणि चौघंही खरं सांगताहेत. मांजर धरलं तर पाच.

तो दुकानाचा माणूसही तसा चुकला नाही, फक्त सांगायचा आळस केला. मी आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होऊ घातलेल्या मुलांना शिकवलं, आणि त्यांना एक गोष्ट सांगून थकलो: गिऱ्हाइकाला "असंच असतं" म्हणू नका, कसं असतं ते सांगा. गॅसच्या चुलीचा आवाज आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फुर्र झालं तर बर्नरमध्ये कचरा, फडफड झाली तर वारा. या नव्या चुलीची भाषा घरात कुणालाच येत नाही, म्हणून प्रत्येक आवाज भुताचा वाटतो.

त्या काळ्या काचेखाली तांब्याच्या तारेचं एक चपटं वेटोळं असतं, जिलेबीसारखं. काही मशिनांत ते ॲल्युमिनियमचंही असतं. भिंतीतून येणारी वीज सेकंदाला ५० फेऱ्या घेते. मशीन ती आधी सरळ करतं आणि मग वेटोळ्यात सेकंदाला साधारण २० ते ४० हजार वेळा उलटसुलट फिरवतं. त्यातून काचेवर बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्यात लोखंडी बुडाचं भांडं आलं की त्या बुडातच विजेचे भोवरे फिरू लागतात. भांडं आपल्याच बुडात तापतं, काच तापते ती भांड्यामुळे. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली जे दाखवलं त्यावरच हे सगळं उभं आहे.

पण चुंबक फक्त तापवत नाही, तो ओढतो आणि ढकलतोही. म्हणजे तुमच्या टोपाचं बूड प्रत्येक क्षणी हलत असतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं कमी, पण हलतं. आणि जे हलतं ते वाजतं. तुम्ही आवाज मशिनाचा म्हणून ऐकता, पण त्यातला बराचसा टोपाचा असतो. मशीन फक्त थाप मारतं. घुमट वाजवणारा कुणी तुमच्या वाड्यावर असेलच, त्याला विचारा. हाताची थाप तीच असते, नाद ठरतो मडक्यावर, चामड्याच्या ताणावर आणि मागच्या तोंडावर धरलेल्या तळव्यावर.

आता तुमचं घूं घूं. काचेखालचं वेटोळं सेकंदाला हजारो वेळा थाप मारतं, तर मग असा जाड, खालचा सूर का? कारण स्वस्त-मध्यम मशिनांत सरळ केलेली वीज पुरती सपाट झालेली नसते. ५० फेऱ्यांच्या प्रत्येक फेरीत जोर दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, म्हणून त्या हजारो थापांचा जोर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. तेच तुम्हाला ऐकू येतं. रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहा, तिथंही हाच सूर सापडेल, कारण त्याच्या पोटातले लोखंडी पत्रे त्याच विजेनं सेकंदाला १०० वेळा केसाच्या अंशाइतके लांब-आखूड होतात.

पाण्याचं रिकामं भांडं ठेवून पूर्ण पॉवर लावली तर हा सूर सगळ्यात मोठा येतो. पाणी ओतलं की उतरतो. (फार वेळ रिकामं ठेवू नका, बूड वाकडं होतं. चाचणीपुरते दोन-तीन सेकंद पुरे.) पॉवर दोन पायऱ्या उतरवली की आणखी उतरतो. तुमच्या घरी बिडाचा तवा असेल, पोळे घालायचा, तो ठेवून पाहा. जड, एकसंध, सगळीकडून सारखा. तो जवळजवळ बोलतच नाही. आणि मग तुमचा तो चकचकीत हलका टोप ठेवा, तो गुणगुणू लागेल. मशीन तेच, वीज तीच. दुकानात जाऊन भांडायच्या आधी ही एक चाचणी करा. फरक भांड्याबरोबर बदलला तर भांडण भांड्याशी आहे.

आणखी एक. हल्ली बहुतेक इंडक्शनच्या टोपांचं बूड एका धातूचं नसतं. वर स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, खाली चुंबकाला चिकटणारं स्टील, असा पोह्यांच्या चिवड्यासारखा नाही, तर बेबिंकासारखा थरावर थर. प्रत्येक धातू तापला की वेगळ्या मापानं फुगतो आणि वेगळ्या पद्धतीनं कंपतो. म्हणून तापताना कटकट, थंड होताना कटकट, मध्येच किरकिर. चांगल्या टोपात हे बारीक राहतं. पण थर सुटू लागले, बूड फुगलं, तर खडखड येते. अशा वेळी टोप सपाट ओट्यावर ठेवून एक बोट लावून फिरवा. भोवऱ्यासारखा गरगरला तर त्याला निवृत्त करा. मशीन बिचारं निर्दोष आहे.

चर्र आवाज आला, वाफेसारखा, तर टोपाच्या बुडाखाली पाणी आहे. आमच्याकडे भांडं धुऊन तसंच चुलीवर चढवायची सवय, गॅसवर ते आपोआप वाळतं. इथं काचेवर आणि बुडात पाणी अडकतं आणि तडतडतं. बूड पुसा, काच पुसा. मिठाचे कणही कचकचतात, शिवाय टोप सरकवला की काचेवर ओरखडे पाडतात.

आता मुलाची शिट्टी. या जागी मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या घरातलं खरं भांडण इथं आहे.

तुमचं मशीन दोन चुलींचं आहे, म्हणजे दोन वेटोळी आणि दोन वेगळी मंडलं. दोघांचा वेग एकच असेल असं नाही. समजा एकावर भात पूर्ण जोरात आहे आणि ती चूल सेकंदाला २२ हजार फेऱ्यांवर चालली आहे, आणि दुसरीवर हुमण, म्हणजे मासळीचं कालवण, मंद आहे आणि ती ३८ हजारांवर. दोन्हीपैकी एकही माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, आपला कान २० हजारांपर्यंतच पोचतो. पण दोन्ही वेटोळी जवळजवळ आहेत, त्यांची क्षेत्रं एकमेकांत मिसळतात, आणि त्या दोघांतल्या फरकाचा आवाज तयार होतो. २२ आणि ३८ मधला फरक १६ हजार. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, तत्त्व खरं आहे. देवळातल्या भजनात दोन पेट्या एकाच सुरावर लावल्या आणि एक किंचित उतरलेली असली की मध्येच तो सूर वाँव-वाँव लाटा मारू लागतो, ऐकलं असेल. त्याच कुळातली गोष्ट ही.

१६ हजार फेऱ्यांचा आवाज तुमचा अकरा वर्षांचा मुलगा ऐकतो. तुम्ही आणि तुमचे यजमान बहुधा ऐकू शकत नाही. वय वाढतं तशी कानाची वरची टोकं झिजत जातात. चाळिशीनंतर १५ हजारांच्या वरचं बऱ्याच जणांना हरवतं, साठीनंतर आणखी खाली. त्यात दोष कुणाचा नाही, ते दुखत नाही, कळतही नाही, कारण माणसाचं बोलणं त्याच्या बरंच खाली असतं. म्हणजे मुलगा सांगतो तेच तुमच्या कानांपलीकडे घडतं आहे. आणि एकाच चुलीवर काम चाललं असताना त्याला शिट्टी ऐकू येते का, ते त्याला विचारा. माझा अंदाज, नाही म्हणेल. दोन्ही चालू झाल्या की सुरू होते.

पटवून घ्यायचं असेल तर एक गंमत करा. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकटची ॲप असतात, एखादं उतरवून घ्या. दोन्ही चुली लावा, फोन काचेपासून हातभर लांब धरा, मुलाला सांगा, शिट्टी आली की हात वर कर. आलेखाच्या उजव्या टोकाला एक सुळका उभा राहिलेला तुम्हाला दिसेल, कान मात्र कोरा. यजमानांनाही बोलवा बघायला. अशा वेळी वडिलांचा चेहरा बघण्यासारखा असतो, मी वर्गात पोरांसमोर हाच खेळ करत असे आणि बाकी सगळी पोरं हात वर करत, मी एकटा फळ्याकडे तोंड करून उभा.

शिट्टी मोडायची तर दोनपैकी एका चुलीची पॉवर एक पायरी वर किंवा खाली करा. फरक बदलतो, सूर दुसरीकडे जातो, नशिबानं ऐकण्यापलीकडे जातो. किंवा मोठं काम एका चुलीवर, छोटं नंतर. मुलाला "थोडा वेळ पडवीत बस" सांगणं हाही उपाय आहे, लाजायचं कारण नाही. या आवाजानं त्याच्या कानाला इजा होत नाही, त्याचा जोर तेवढा नसतो, पण चिडचिड खरी असते. डास कानापाशी गुणगुणतो तेव्हाही इजा होत नाही.

आता मांजर. मांजराचा कान ६० हजारांच्याही पलीकडे जातो, कुत्र्याचा साधारण ४५ हजारांपर्यंत. म्हणजे ज्या वेगावर तुमची चूल मुकी असते असं आपण मानतो, तिथंच मांजराच्या कानात गोंगाट असतो. शिवाय चुंबकाचा धक्का फेरीला दोनदा लागतो, म्हणून २२ हजारांची चूल टोपाला ४४ हजार वेळा हलवते. ते तुमच्या मांजराला ऐकू येतं, बहुधा आवडत नाही, म्हणून ते पडवीत जाऊन बसतं. सासूबाईंना सांगा, लक्षण वाईट नाही, कान चांगला आहे.

सासूबाईंचा भुंगा. हा प्रश्न तुम्ही विनोदानं लिहिलात, पण मला तो सगळ्यात सोपा वाटला. कानाच्या बऱ्याच मशिनांत 'टी' नावाची एक सोय असते. तिच्यात छोटं वेटोळं असतं, ते आवाज न पकडता चुंबकीय क्षेत्र पकडतं. टेलिफोन नीट ऐकू यावा म्हणून ती पूर्वीपासून दिलेली आहे. इंडक्शनचं क्षेत्र त्या छोट्या वेटोळ्यात शिरतं आणि थेट कानात भुंगा होतो. तो आवाज खोलीत नाहीच, म्हणून तुम्हाला कुणालाही ऐकू येत नाही. कानाचं मशीन 'एम' म्हणजे मायक्रोफोनवर आणलं की भुंगा जायला हवा. नवीन मशिनांत हे बटण दिसत नाही, ते बसवणाऱ्याकडे जाऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं. आणि सासूबाईंच्या हृदयात पेसमेकर असला तर चुलीपासून साधारण दोन फूट लांब राहायला सांगा आणि त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, तरी सांगून ठेवतो.

तुमची टक-टक मंद आचेवर येते, म्हणजे बिघाड नव्हे, मशिनाची मर्यादा. हजार वॅटच्या आसपासपर्यंत बहुतेक घरगुती मशिनं पॉवर खरोखर कमी करू शकतात. त्याच्याखाली त्यांना सातत्य राखता येत नाही. मग काय करतात, तर काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद थांबतात. हिशेबानं सरासरी ३०० वॅट, पण टोपाला ३०० वॅट कधीच लागत नाहीत, लागते ती पूर्ण थाप आणि मग शांतता. प्रत्येक सुरू-बंदला टक. दूध मंद आचेवर ठेवलं तरी एकदम वर येतं आणि एकदम बसतं, ते यामुळेच. तुम्ही टोप उचलला तरी टक-टक ऐकू येईल. तेव्हा मशीन हलकी थाप मारून बघत असतं की वर भांडं आहे का.

हे कळलं की सैंपाकात एक फायदा आहे. बांगड्याच्या हुमणात नारळाचा रस घातल्यावर खळखळून उकळी आली की रस फाटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण गॅसची बारीक आच आणि इंडक्शनची बारीक आच एकच नव्हे. इथं बारीक आचेतही दर काही सेकंदांनी पूर्ण जोराचा फटका बसतो, आणि पातळ बुडाच्या टोपात रस त्याच फटक्याला फाटतो. जाड बुडाचा टोप घ्या, तो फटका पोटात घेऊन हळूहळू सोडतो. तिरफळं, सोलां घालून झाली की मशीन बंदच करा, टोपाच्या उरलेल्या उष्णतेवर हुमण मुरू द्या. उकड्या तांदळाच्या पेजेला मात्र हे सुरू-बंद चालतं, ती असल्या छळाला सरावलेली असते.

यजमानांचा पंखा. चूल बंद केल्यावरही पंखा पाच-सात मिनिटं फिरतो, कारण काचेखाली वीज उलटसुलट करणारे भाग तापलेले असतात, ते पंखा गार करतो. भिंतीवरचं बटण लगेच दाबलं की पंखाही थांबतो आणि ती उष्णता पेटीत कोंडते. मशिनाचं आयुष्य कमी करायचा हा सगळ्यात साधा मार्ग आहे, आणि तो रोज अनेक घरांत वापरला जातो, वीज वाचवायच्या नादात. हिशेब सांगतो. पंखा साधारण ३ वॅटचा. पाच मिनिटं चालला तर पाव वॅट-तास. असा पंखा ४,००० वेळा चालला तेव्हा एक युनिट होतं. यजमानांना सांगा, एवढी बचत करायची असेल तर पडवीतला बल्ब रात्री दहाला बंद करा.

पंख्याचा आवाज मात्र ओळखून ठेवा, कारण तो बदलला तर मशीन काही सांगतंय. आधी सरसर होता आणि आता घरघर किंवा खरखर झाला, तर आत तेलकट धूळ साठली आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. गोव्याची हवा दमट, किनाऱ्याकडे खारी, आणि पावसाळ्यात मुंग्या, झुरळं, पाली सगळ्यांना कोरडी, ऊबदार जागा हवी असते. इंडक्शनचं पोट ही अशी उत्तम जागा. एकदा माझ्याकडे "पंखा ओरडतो" म्हणून आलेल्या मशिनात वाळलेली पाल पात्यात अडकून बसली होती. तिचा बिचारीचा दोष नव्हता. मशीन प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवू नका, खालून हवा ओढताना ते चिकटतं आणि श्वास बंद होतो. मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. महिन्यातून एकदा, प्लग काढून, मशीन गार झाल्यावर, हवेची जाळी कोरड्या जुन्या टूथब्रशनं झाडा. पेटी उघडू नका, यजमानांनाही उघडू देऊ नका. आतल्या कॅपेसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहते आणि तिचा फटका साधा नसतो.

पंख्याची घरघर सोडली तर इथवर जे सांगितलं ते सगळे आवाज निरुपद्रवी. आता ज्यांच्यापाशी थांबायचं ते.

काचेतून एकदाच कड्‌ असा आवाज आला आणि मग केसासारखी रेघ दिसली, तर तेव्हाच भिंतीवरचं बटण बंद करा. (अशा प्रसंगी मात्र यजमानांची सवय बरोबर.) चिरेतून पाणी आत गेलं तर शॉक लागतो. तशा काचेवर पुन्हा चहाही करू नका. दुसरा आवाज मशिनाचा नाही, प्लगचा. चर्र-चर्र, सुक्या पानांसारखी सळसळ, आणि प्लगला हात लावला तर गरम. सॉकेट सैल आहे किंवा लहान आहे. २,००० वॅटचं एक मशीन २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतं, तुमचं दोन चुलींचं त्याहून जास्त. मोबाईल चार्जरवाल्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमधून हे झेपत नाही, आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नाही. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट, त्याला वेगळी वायर, आणि जुन्या घरात अर्थिंग आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कौलारू घरातलं जुनं वायरिंग बघितलेला माणूस म्हणून सांगतो, हे आधी करा, बाकी सगळं नंतर. आणि पावसात लाईट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावायचा प्रयत्न करू नका, त्याची ताकद तेवढी नसते.

तिसरं, जळका वास. तो आला तर आवाजाची वाट बघू नका, लगेच बटण बंद करा.

मशीन परत करावं का, हा तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात लिहिलेल्या एकाही आवाजासाठी नाही. पंख्याचा आवाज बदलला, प्लग गरम झाला, पडद्यावर सारखा कुठलातरी कोड येऊन मशीन बंद पडू लागलं, तर पावती शोधा आणि वॉरंटीत दाखवा. तेव्हा दुकानाच्या माणसाला दोन भांडी समोर ठेवून दाखवा, एक बिडाचं आणि एक हलकं. असं केलंत की "तशेंच आसता" म्हणायला त्याला जागा राहत नाही.

गॅस काढून टाकू नका. मातीचं बुडकुलं, पितळेचा टोप, तांब्याचं भांडं या चुलीवर मुकंच राहतं, चुंबक चिकटत नाही त्याला ती ओळखतच नाही. आणि भाकरी जाळावर फुलवायची तर ज्योतच हवी. माझ्या घरी शनिवारी मासळी गॅसवर होते, बाकी दिवस भाजी इंडक्शनवर. तुमच्याही घरी एक दिवस असं करून पाहा, मांजर पायांत घोटाळायला परत आलं की मला दोन ओळी लिहून कळवा.